स्कॅनर म्हणतो 'नो फॉल्ट', तरी गाडी बंद पडते : गॅरेजवाल्याची खरी कमाई आणि खरी परीक्षा

गॅरेज टाकायचं स्वप्न बघणारे, आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा २ वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडलेले, किंवा कुणाच्या तरी हाताखाली चार-पाच वर्षं काढून आता स्वतःचं शटर उघडायच्या विचारात असलेले, आजचा विषय तुमच्यासाठी आहे. पण तुमचा धंदा वेगळा असेल तरी वाचा, कारण यात गिऱ्हाइकाच्या पैशाचा आणि विश्वासाचा हिशोब आहे. तो किराणा दुकानालाही लागू होतो.

प्रश्न असा. गाडी चालता चालता मध्येच बंद पडते. दहा-वीस मिनिटं थांबलं की परत चालू होते, जणू काही झालंच नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन येतो, तुम्ही स्कॅनर लावता आणि स्क्रीनवर येतं 'नो फॉल्ट कोड'. आता काय करायचं?

जालन्यात अंबड चौफुली असो की भोकरदन नाका, या जागी बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. मिस्त्री डोकं खाजवतो आणि म्हणतो, "भाऊ, पंप टाकून बघू." पंप टाकला. चार दिवसांनी गाडी परत बंद. "मग कॉईल असेल." कॉईल टाकली. परत बंद. "आता ईसीएम बघावा लागेल, संभाजीनगरला पाठवावा लागेल." इथपर्यंत गिऱ्हाइकाचे पंधरा-वीस हजार गेलेले असतात आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास त्याच्याही आधी गेलेला असतो. तो भांडत नाही. तो फक्त परत येत नाही आणि गावात सांगतो, "त्याला काही समजत नाही."

आधी हे समजून घ्या : कोड का पडत नाही?

आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा गाड्यांमध्ये आला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. म्हणजे आज तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना डॅशबोर्डखाली तो १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यामुळे एक गैरसमज पसरला, की गाडी आपला आजार स्वतःच सांगते. तसं नाही. ओबीडी मुळात प्रदूषणावर नजर ठेवायला आलेली यंत्रणा आहे. ईसीएमला जे सेन्सर आणि ज्या वायरी दिसतात तेवढंच त्याला कळतं. त्यातही सिग्नल ठरलेल्या हद्दीच्या बाहेर गेला तरच तो कोड टाकतो, आणि बरेच कोड तर तोच दोष दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसल्याशिवाय पक्के होत नाहीत.

आता पेट्रोलच्या पंपाचं बघा. साध्या एमपीएफआय गाड्यांपैकी बहुतेकांमध्ये पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो. टाकीतला पंप थकला, त्याची जाळी कचऱ्यानं भरली, प्रेशर अर्ध्यावर आलं, तरी ईसीएमला ते थेट दिसत नाही. त्याच्या लेखी पंपाला करंट दिला म्हणजे पंप चालू. कोड येणार कुठून?

क्रँक सेन्सरचं तर आणखी मजेशीर आहे. इंजिन फिरतंय हे ईसीएमला याच सेन्सरमुळे कळतं. सेन्सर तापून त्याचा सिग्नल तुटला, की ईसीएमला दिसतं 'शून्य आरपीएम'. आणि शून्य आरपीएम म्हणजे काय? बंद गाडी! ईसीएमला वाटतं मालकानं चावी फिरवली असेल. तो स्पार्क आणि पेट्रोल बंद करतो आणि गप्प बसतो. काही गाड्यांत कॅम सेन्सरचा सिग्नल चालू आणि क्रँकचा बंद असं जुळवून कोड पडतो, पण सगळ्यांत नाही.

तिसरा प्रकार मेन रिले, इग्निशन स्विच किंवा अर्थिंगचा. इथे ईसीएमचाच वीजपुरवठा तुटतो. जो स्वतः बेशुद्ध झाला तो काय लिहून ठेवणार?

चौथा प्रकार माणसांचा आहे. आधीच्या मिस्त्रीनं बॅटरीची वायर काढून जोडलेली असते किंवा कोड पुसलेले असतात. हे पकडता येतं. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' बघा. बरेच मॉनिटर 'अपूर्ण' दाखवत असतील तर मेमरी नुकतीच पुसली गेली आहे. मग गिऱ्हाइकाला शांतपणे विचारायचं, "काका, याआधी कुठं दाखवली होती का?" उत्तर मिळतंच. आणि पक्के कोड नसले तरी 'पेंडिंग' कोड वेगळे बघा, तो मेनू बरेच जण उघडतच नाहीत. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल फक्त इंजिनचं बघतो, इमोबिलायझरचं वगैरे त्याला दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अंदाजाची किंमत किती मोठी असू शकते

अमेरिकेतलं एक प्रकरण प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असावं. जनरल मोटर्सच्या शेवरले कोबाल्ट आणि तिच्या जोडीच्या काही गाड्या चालता चालता बंद पडायच्या. कारण होतं इग्निशन स्विच. त्यातली स्प्रिंग इतकी ढिली होती की गुडघ्याचा धक्का किंवा जड किचेनचं ओझं पुरेसं व्हायचं, चावी 'रन'वरून 'ॲक्सेसरी'वर घसरायची, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही निकामी. २००५ मध्येच डीलरना सूचना गेली होती की गिऱ्हाइकांना किचेन हलकं ठेवायला सांगा. कंपनीनं मधेच सुधारलेला पार्ट आणला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना आणि नवा कागदावर सारखेच. शेवटी एका खटल्यात एका अभियंत्यानं अपघाती गाडीतला स्विच आणि दुकानातून विकत आणलेला त्याच नंबरचा नवा स्विच शेजारी ठेवून तपासला, तेव्हा फरक हातात आला. २०१४ मध्ये कंपनीला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि भरपाई निधीनं या दोषाशी १२४ मृत्यू जोडले.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण आपल्या दारात आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता चालू आहे, आणि कारला १२० ची वेगमर्यादा आहे. गावात मोंढ्याच्या गर्दीत बंद पडणारी गाडी म्हणजे वैताग. तीच गाडी समृद्धीवर १२० ला बंद पडली, मागून ट्रक येतोय, स्टिअरिंग जड झालंय, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर संपलाय, तर ती जिवावरची गोष्ट आहे. "बघू, परत बंद पडली तर आणा" हे वाक्य म्हणून बोलायचं नाही.

पानं हातात घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं

माझं स्पष्ट मत आहे, या कामात सगळ्यात महाग अवजार म्हणजे वही. गिऱ्हाइकाला खुर्ची द्या, चहा सांगा आणि विचारा. गाडी कधी बंद पडते? थंड असताना की तापल्यावर? ॲक्सिलेटर सोडल्यावर, सिग्नलला, की चढावर जोर देताना? एकदम बंद होते की आधी झटके खाते? किती वेळानं चालू होते? टाकीत पेट्रोल किती असतं तेव्हा? पेट्रोल भरल्या भरल्या झालं का? अलीकडे काही काम केलं का, म्युझिक सिस्टीम, रिमोट लॉक, सीएनजी किट?

यातलं प्रत्येक उत्तर अर्धं निदान आहे. आधी झटके, पिकअप कमी आणि मग बंद : पेट्रोल पोचत नाही. एकदम, कात्रीनं कापल्यासारखी बंद : करंट किंवा सिग्नल तुटतोय. फक्त रेस सोडल्यावर बंद : थ्रॉटल बॉडीचा कार्बन किंवा कुठून तरी हवा ओढतेय. चालू होऊन दोन सेकंदांत बंद आणि चावीचा दिवा लुकलुकतोय : इमोबिलायझर. पाव टाकीच्या खालीच बंद पडते : पंपाची जाळी, किंवा टाकीच्या तळाशी पाणी. तासभर चालल्यावर बंद पडते आणि पेट्रोलचं झाकण उघडलं की 'फुस्स' करून हवा आत ओढली जाते : टाकीचा व्हेंट बंद आहे, इंजिन खोलायची गरजच नाही.

आणखी एक प्रश्न, जो फार थोडे मिस्त्री विचारतात. बंद पडली त्या क्षणी डॅशबोर्डवर काय दिसलं? चावी चालू असताना इंजिन मेलं तर ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन हे दिवे पेटायला हवेत. ते पेटलेच नाहीत, सगळा डॅशबोर्ड काळा पडला, तर वीजपुरवठ्याच्या मागे लागा : बॅटरीचे टर्मिनल, इग्निशन स्विच, मोठा फ्यूज. बाकी दिवे आहेत पण चेक इंजिनचा दिवाच नाही, तर मेन रिले किंवा ईसीएमचा अर्थ. आणि गाडी गिअरमध्ये पळतेय, म्हणजे इंजिन चाकांमुळे फिरतंय, तरी आरपीएमचा काटा टपकन शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सरकडे बोट दाखवा. काटा हळूहळू खाली आला तर पेट्रोलचा संशय धरा. गिऱ्हाइकाला सांगा, पुढच्या वेळी झालं तर गाडी बाजूला घेऊन, थांबल्यावर, डॅशबोर्डचा मोबाईलवर फोटो काढा. हा फोटो फुकट मिळतो.

आता टेस्ट

मूळ तत्त्व साधं आहे. इंजिन चालायला स्पार्क, पेट्रोल, हवा आणि कॉम्प्रेशन लागतं. बंद पडल्यावर काय गेलं ते बंद पडलेल्या अवस्थेतच बघायचं. गाडी चालू झाल्यावर बघून काही मिळत नाही. म्हणून दोष घडवून आणावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा निसर्गच मदत करतो. इतर दिवसांत गाडी उभी करून बॉनेट झाकून तापवा. पण गॅरेजचं दार उघडं ठेवा, धूर आत कोंडला तर माणूस मरतो.

बंद पडली? चावी ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान लावा. पंपाची दोन सेकंदांची घुरघुर आली पाहिजे. नाही आली तर पंपाच्या प्लगवर मल्टिमीटर लावा. तिथे करंट येतोय आणि अर्थही बरोबर आहे, तर पंप गेला. करंटच नाही, तर रिले, फ्यूज, वायर. पंप न बदलता तुम्ही गिऱ्हाइकाचे काही हजार वाचवले.

पंप वाजतोय म्हणून तो चांगला, असंही नाही. फ्यूएल प्रेशर गेज लावाच. एमपीएफआय पेट्रोल गाड्यांत साधारण ३ ते ४ बार लागतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. उभ्या गाडीवर प्रेशर बरोबर दिसेल आणि जोर दिल्यावर पडेल, तर जाळी किंवा पंप. गेज जोडण्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं. गरम इंजिनवर पेट्रोल उडालं तर गाडी आणि गॅरेज दोन्ही जातील. आगीचा सिलिंडर हाताशी हवाच, आणि बिडीवाल्याला बाहेर.

क्रँक सेन्सरची एक जुनी युक्ती आहे. तापून बंद पडलेल्या गाडीच्या सेन्सरवर थोडं गार पाणी टाका. लगेच स्टार्ट झाली तर चोर सापडला. उलटी खात्री करायची असेल तर थंड सेन्सरला हेअर ड्रायरनं तापवा आणि स्कॅनरवर आरपीएम बघत सेल्फ मारा. इंजिन फिरतंय पण आकडा शून्य, मग शंकाच नको. फक्त सेन्सरच्या आधी त्याचा प्लग आणि वायरही हलवून बघा. उंदरानं कुरतडलेली वायर नवा सेन्सर टाकून बरी होत नाही. शेतातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे खूप येतं.

अर्थिंग तर सगळ्यात दुर्लक्षित. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी काढा, घासा, कसा. खर्च जवळजवळ शून्य. अशा कामाचे पैसे कसे लावायचे ते पुढे सांगतो.

कोड नसला तरी स्कॅनर निरुपयोगी नाही, हे लक्षात घ्या. 'लाइव्ह डेटा' उघडा आणि फ्यूएल ट्रिम बघा. ईसीएम पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय, ते यात टक्क्यांत दिसतं. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असावं. स्लोवर खूप अधिक आणि २५०० आरपीएमला उतरतंय, तर कुठून तरी चोरटी हवा आत येतेय : फाटकी होज, पीसीव्ही, मॅनिफोल्डचं गॅसकेट. स्लोवर ठीक आणि जोर दिल्यावर वाढतंय, तर पेट्रोल कमी पडतंय. हद्द ओलांडेपर्यंत कोड पडत नाही, पण आकडा आधीच ओरडत असतो.

पेट्रोलमधल्या पाण्याचं एक. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की खाली वेगळा थर बसतो. काचेच्या बाटलीत नमुना घ्या, थोडा वेळ ठेवा, थर दिसतो. पावसाळ्यात ही तपासणी पहिल्या पाचांत ठेवा. सीएनजीवाली गाडी असेल तर आधी ठरवा, दोन्ही इंधनांवर बंद पडते की एकावर. एकावरच असेल तर अर्धं इंजिन यादीतून बाद. डिझेल कॉमन रेलमध्ये प्रेशर सेन्सर असतो, तिथला खेळ वेगळा. तो परत कधीतरी.

टेस्ट ड्राईव्हला जाताना गाडी चालवणारा एक आणि स्कॅनर बघणारा दुसरा. एकट्यानं दोन्ही करायचं नाही. आणि समृद्धीवर तर अशी गाडी न्यायचीच नाही, गावाबाहेरचा मोकळा रस्ता पुरतो.

पैसे कशाचे घ्यायचे?

इथे आपल्या बहुतेक मिस्त्री मंडळींचं गणित चुकतं. तपासणी फुकट आणि कमाई पार्टच्या मार्जिनमध्ये, असा धंदा असेल तर पार्ट बदलल्याशिवाय तुमच्या घरात पैसा येणारच नाही. मग प्रामाणिक माणूससुद्धा नकळत 'टाकून बघू'कडे ओढला जातो. दोष त्याच्या नियतीत नाही, दरपत्रकात आहे.

समजा, परतूरहून एक गिऱ्हाईक आला. तुम्ही तीन तास घालवले आणि सापडला ढिला अर्थ बोल्ट. पार्ट शून्य रुपयाचा. तपासणी फुकट असेल तर तुम्ही शंभर रुपये मागाल आणि ते मागतानाही लाजाल. त्याऐवजी आधीच सांगितलं असतं, "काका, बंद पडायचा दोष शोधायचे ८०० रुपये. सापडला तर काय झालं ते दाखवतो, दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि तुम्हाला विचारूनच. सापडला नाही तर निम्मे," तर ते ८०० हक्काचे होते. गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघा, कुठे वीस हजारांचे पार्ट आणि कुठे ८०० रुपयांत बरी झालेली गाडी. आकडा तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पण तो भिंतीवर लिहा. गाडी खोलल्यावर सांगितलेला दर हा दर नसतो, भांडण असतं.

सुरुवातीला काही जण नाक मुरडतील. "नुसतं बघायचे पैसे?" त्यांना डॉक्टरच्या फीची आठवण करून देऊ नका, ते ऐकून लोक चिडतात. त्यापेक्षा जॉब कार्ड दाखवा. त्यावर तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, केलेल्या टेस्ट, आलेले आकडे, निघालेला निष्कर्ष. 'सेल्फ मारताना अर्थवर १.१ व्होल्ट, पट्टी साफ केल्यावर ०.२' असं लिहिलेलं बघितलं की माणसाला कळतं, याने नुसतं बॉनेट उघडून बघितलं नाही. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून परत द्या. आणि बिल द्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि उद्या वाद झाला तर तेच बिल तुम्हालाही वाचवतं.

लागणारं सामान फार नाही. चांगला मल्टिमीटर, फ्यूएल प्रेशर गेजचा किट, स्पार्क टेस्टर, टेस्ट लॅम्प आणि लाइव्ह डेटा दाखवणारा साधा स्कॅनर. मोठा मल्टिब्रँड स्कॅनर पहिल्याच दिवशी कर्ज काढून घेऊ नका. आधी छोट्या सामानावर हात बसू द्या. मुद्रा योजनेतल्या शिशु गटाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, एवढा संच त्यात आरामात बसतो. बँकेत जाताना उद्यम नोंदणी करून जा, ती मोफत आहे, कुणा एजंटला पैसे द्यायचे नाहीत.

राहिला प्रश्न न सापडणाऱ्या दोषाचा, कारण तोही येणार. दोन दिवस गाडी ठेवली, बंद पडलीच नाही. तेव्हा जॉब कार्डावर लिहा : 'दोष आमच्याकडे दिसला नाही. या या टेस्ट केल्या, या गोष्टी ठीक आढळल्या. तोपर्यंत महामार्गावर नेऊ नये.' सही घ्या, एक प्रत त्याला द्या, तुमचा नंबर द्या आणि चार दिवसांनी स्वतः फोन करा, "काका, गाडी कशी आहे?"